गुलमर्ग : बर्फवृष्टीनंतर अफरवटच्या उतारांवर कधी जावं?

सह्यवेडा : जानेवारीअखेर आम्ही चौघं पुण्याहून गुलमर्गला जातोय. स्कीइंग सगळ्यांना बऱ्यापैकी जमतं. पश्चिमी विक्षोभामुळे दीड-दोन फूट बर्फ पडेलसं दिसतंय. आकाश मोकळं झालं की लगेच गोंडोलाने (रोपवेने) वर अफरवट डोंगरावर जाऊन स्कीइंगच्या ठरलेल्या हद्दीबाहेरच्या उतारांवर उतरलं तर चालेल का? खड्डा खणून थर तपासता येतात ना?

हिमरेषा : ऊन पडलं म्हणजे हिमस्खलनाचा धोका टळला असं नाही. २४ तासांत ३० सेंमी ताजं बर्फ आणि जोडीला वारा, एवढं पुरतं. वारा ते उचलून धारेपलीकडच्या आडोशाच्या उतारावर टाकतो आणि तिथे त्याची घट्ट लादी बनते.
खरी मेख तळाशी असते. डिसेंबरात बर्फ कमी आणि रात्री निरभ्र असल्या, की जमिनीलगत शून्याच्या आसपास आणि वर उणे १०-१५ अशी स्थिती होते. थरात दर १० सेंमीला १ अंशाहून जास्त फरक पडला, तर खालच्या बर्फाचे सुटे, टोकदार कण होतात. जाड साखरच म्हणा, मुठीत दाबून गोळा होत नाही. हा थर आठवडेच्या आठवडे तसाच राहतो आणि नवी लादी त्यावरूनच सुटते. त्यामुळे वादळानंतर निदान एक-दोन दिवस तीव्र उतार नकोच. तळात साखर असेल तर तेवढंही पुरत नाही.

कडेकपारी : खड्ड्याबद्दल. उताराला आडवा ९० सेंमी रुंद, आत ३० सेंमी खोल असा खांब सुटा करा, मागची बाजू दोरीने कापा. एका टोकावर फावड्याचं पातं ठेवून मनगटातून १०, कोपरातून १०, खांद्यातून १० टपल्या. तडा त्याच किंवा पुढच्या टपलीला खांबाच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेला, तर तो उतार सोडायचा. गेला नाही तर? काहीच सिद्ध होत नाही, चार पावलांवर थर वेगळा असू शकतो. माझ्या मते नवख्याने खड्ड्यापेक्षा कोन मोजावा. लादी बहुतेकदा ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटते. ३० च्या आत राहा, पण डोक्यावर तीव्र उतार नाही ना तेही बघा. पायाखाली ‘धप्प’ आवाज, स्कीपासून पळणारे तडे, शेजारी ताजं स्खलन, यातलं एकही दिसलं तर माघारी फिरा.

सह्यवेडा : बीकन (बर्फात गाडलेल्याला शोधायचं सिग्नल यंत्र) दोघांकडेच आहे. चालेल?

हिमरेषा : नाही. बीकन, किमान २४० सेंमीचा प्रोब (बर्फात खुपसून शोधायची काठी) आणि धातूचं फावडं प्रत्येकाकडे हवं. पहिल्या १०-१५ मिनिटांनंतर गाडलेला माणूस जिवंत सापडण्याची शक्यता झपाट्याने घटते, म्हणजे सोडवणार सोबतचेच. मोबाईल बीकनपासून २० सेंमी दूर ठेवा, शोधताना ५० सेंमी. प्रोब लागला की तो तसाच ठेवा, आणि खोलीच्या दीडपट अंतर उताराकडे जाऊन तिथून आडवं खणत या.

कडेकपारी : उतार एकेकाने उतरायचा, बाकीचे सुरक्षित जागी थांबून नजर ठेवतील. आणि गोंडोलाचा दुसरा टप्पा सुरू झाला याचा हद्दीबाहेरच्या उतारांशी काही संबंध नाही. चंडीगडच्या डीजीआरई या संरक्षण संशोधन संस्थेचा हिमस्खलन इशारा रोज सकाळी बघा.