टॉमकॅटवर या क्षणी नेमकी किती माणसे काम करत आहेत, हे कसे ओळखावे?

रावेरकर (धागा सुरू करणारे)
रावेर-सावदा भागातील केळीच्या गाड्या आणि वजनपावत्या यांची नोंद ठेवणारे एक वेब ॲप्लिकेशन मी टॉमकॅट ९ (जावाची वेब ॲप्लिकेशने चालवणारा सर्व्हर-प्रोग्रॅम) वर चालवतो. सर्व्हर भाड्याचा असून त्याची मेमरी ४ जीबी आहे, आणि रोज वापरणारे मुनीम साधारण ६० आहेत. टॉमकॅटच्या मॅनेजर या व्यवस्थापनाच्या पानावर सेशनचा (सर्व्हरने एकेका वापरणाऱ्यासाठी उघडलेल्या नोंदीचा) आकडा मात्र दिवसभर २४०च्या आसपास दिसतो, आणि काल रात्री दोन वाजता, सारे मुनीम झोपलेले असताना, तो १९२ होता. नवी आवृत्ती चढवण्यासाठी सर्व्हर बंद करण्यापूर्वी आत खरोखर कोणी पावती भरत आहे का, एवढेच मला कळायला हवे आहे. वर्षाला ३००० रुपयांच्या आत बसेल असा उपाय सुचवावा.

जावावाला_जळगाव
प्रोमिथियस (आकडे गोळा करणारे) आणि ग्राफाना (त्यांचे आलेख काढणारे) लावून मोकळे व्हावे. मी त्यासाठी १६ जीबीचे वेगळे मशीन घेतले आहे आणि कार्यालयातील भिंतीवर ४३ इंची टीव्ही टांगला आहे. जेएमएक्स या जावाच्या देखरेखीच्या सोयीतून येणारा ॲक्टिव्ह सेशन्सचा आकडा त्यावर दिवसभर आलेखाच्या रूपाने दिसतो. पाहुणे आले की आधी त्या टीव्हीसमोर थांबतात.

भुसावळ_जंक्शन
रावेरकर तीन हजार म्हणाले आहेत. त्यात आपल्या टीव्हीचे स्टँडही येणार नाही. रावेरकर, मॅनेजरच्या पानावर सेशनच्या आकड्यावरच टिचकी मारावी. प्रत्येक सेशन केव्हा तयार झाले, शेवटचा वापर केव्हा झाला आणि ते किती वेळ निष्क्रिय आहे, याचा तक्ता उघडतो. त्यातील ‘वापराचा कालावधी’ हा रकाना नीट पाहून इथे कळवावे.

धुळेकर
वेब.एक्सएमएल या सेटिंगच्या फाइलमध्ये सेशनचा टाइमआउट (वापर थांबल्यावर सेशन संपेपर्यंतचा वेळ) मुळात ३० मिनिटांचा असतो. तो १० करावा. मी केला आणि आकडा लगेच खाली आला.

अमळनेरचा_जिनिंगवाला
आकडा खाली आला म्हणजे प्रश्न सुटला, असे होत नाही. आमच्याकडे कुणाच्या तरी सल्ल्यावरून टाइमआउट १० मिनिटांचा केला. कापसाच्या ट्रॅक्टरची पावती अर्धी भरून मुनीम काट्यापर्यंत गेला, तेवढ्यात वीज गेली, आणि वीज येऊन राउटर सुरू होईपर्यंत सेशन संपले. ती पावती तीनदा भरावी लागली आणि शेतकऱ्याचे बोलणे मला ऐकावे लागले.

धुळेकर
हा दोष इन्व्हर्टर नसल्याचा आहे, टाइमआउटचा नाही.

चोपड्याहून
मी एचटीटीपी सेशन लिसनर (सेशनच्या सूचना ऐकणारा कोड) लिहून स्वतःचा मोजणारा आकडा ठेवला होता: सेशन तयार झाले की एक वाढवायचा, नष्ट झाले की एक कमी करायचा. सर्व्हर पुन्हा सुरू केल्यानंतर तासाभरात तो उणे १७ झाला. कारण असे, की टॉमकॅट बंद होताना जिवंत सेशन फाइलमध्ये जपून ठेवतो आणि सुरू होताना परत वाचतो. त्या वाचलेल्या सेशनसाठी ‘तयार झाले’ ही सूचना येत नाही, पण ती संपताना ‘नष्ट झाले’ ही सूचना मात्र येते. लिसनरच्या वाटेला जाऊ नये.

नंदुरबार_सर्व्हर
मॅनेजर वापरणाऱ्यांनी एक ध्यानात घ्यावे. घरून पाहता यावे म्हणून ते ठरावीक आयपी पत्त्यांवरूनच उघडण्याचा निर्बंध मी काढला आणि पासवर्ड सोपा ठेवला. त्या पानावरून कोणीही वॉर फाइल (ॲप्लिकेशनचे गाठोडे) चढवू शकतो, आणि तशी ती एका परक्याने चढवली. मशीन पुसून पहिल्यापासून उभे करण्यात दोन रात्री गेल्या.

रावेरकर
तक्ता पाहिला. बहुसंख्य सेशन बरोबर दहा-दहा सेकंदांच्या अंतराने तयार झालेली असून त्यांचा वापराचा कालावधी शून्य आहे.

भुसावळ_जंक्शन
मग चोर सापडला. सर्व्हर जिवंत आहे की नाही हे तपासणारी आपली स्क्रिप्ट लॉगिनचे जेएसपी (सर्व्हरवर जावाने तयार होणारे) पान मागत असणार. जेएसपी आपणहून सेशन उघडते, आणि स्क्रिप्ट कुकी (सेशनची ओळखखूण) जपून ठेवत नसल्यामुळे प्रत्येक खेपेला नवे उघडते. दर दहा सेकंदांना एक, तीस मिनिटे जिवंत, म्हणजे १८०. तपासणीसाठी वेगळे जेएसपी पान करून त्याच्या माथ्यावर सेशन ‘फॉल्स’ असे लिहावे. साधी स्थिर फाइलही चालेल, पण मग ॲप्लिकेशन कोलमडले तरी तपासणी उत्तीर्णच होत राहील.

जावावाला_जळगाव
हेच माझ्या आलेखावर एका नजरेत दिसले असते.

चोपड्याहून
आपल्या आलेखावर १८० ची सपाट रेषा दिसली असती, आणि आपण तिला माणसे समजला असता.

रावेरकर
वेगळे पान केले आणि रात्रीचा आकडा १२ वर आला. हे बारा जण बाजारभावाचे पान उघडे ठेवून झोपणारे व्यापारी निघाले. ते पान दर दोन मिनिटांनी आपोआप ताजे होते, त्यामुळे त्यांचे सेशन कधी संपतच नाही. म्हणजे सेशनच्या आकड्यातून माझे उत्तर कधीच मिळणार नव्हते. म्हणून ग्राफाना, लिसनर आणि कमी टाइमआउट हे तिन्ही बाजूला ठेवून मी डेटाबेसमध्ये एक छोटा तक्ता केला आहे: मुनिमाचे नाव आणि त्याने शेवटची विनंती केल्याची वेळ. भावाच्या पानाची आपोआप येणारी विनंती त्यात धरत नाही, आणि नोंद मिनिटाला एकदाच बदलते, म्हणून भारही पडत नाही. खर्च शून्य. आज सर्व्हर बंद करण्यापूर्वी गेल्या दहा मिनिटांतील नावे काढली, तर दोनच होती. दोघांनाही फोन केला. एकाची पावती अर्धी होती, ती पूर्ण होईपर्यंत थांबलो.

धुळेकर
तरीही टाइमआउट १० मिनिटांचा करून पाहावा.