मदत हवी आहे: मतपत्रिकेवर जजची नावं, होय की नाही?

बेलिफकन्या | ऑक्टोबर २०२४

मंडळी, मी चँडलरला राहते, म्हणजे अ‍ॅरिझोनातली मॅरिकोपा काउंटी. यंदा नागरिकत्वाची शपथ झाली, हे पहिलंच मतदान. पोस्टाने आलेली मतपत्रिका डायनिंग टेबलवर पसरून बसले आहे. राष्ट्राध्यक्ष, सिनेट इथपर्यंत ठीक. पण पुढे न्यायाधीशांच्या नावांची लांबलचक यादी आहे. पक्ष नाही, समोर प्रतिस्पर्धी नाही. प्रत्येक नावापुढे फक्त "होय" आणि "नाही".

माझे बाबा साताऱ्याच्या कोर्टात बेलिफ होते. आपल्याकडे दिवाणी न्यायाधीश परीक्षा देऊन येतो आणि बदली होऊन जातो. पक्षकाराने त्याला मत द्यायचं ही कल्पनाच मला झेपत नाहीये. यातल्या एकाचंही तोंड मी पाहिलेलं नाही. त्यात प्रेस्कटच्या मैत्रिणीकडे जजसाठी उमेदवार उभे राहतात म्हणे, होय-नाही नसतं. एकाच राज्यात दोन पद्धती कशा? आणि हा भाग कोरा सोडला तर पूर्ण मत बाद होतं का?

जुनं_खोड

शेवटचं आधी सांगतो. मत बाद होत नाही. कोरं सोडलेलं तेवढं मोजत नाहीत, बाकीचं सगळं धरतात.

दोन पद्धती १९७४ पासून आहेत. त्या साली मतदारांनीच घटनादुरुस्ती करून मोठ्या काउंट्यांतली जजची निवडणूक बंद केली. आता अडीच लाखांवर लोकवस्ती असेल तिथे नेमणूक होते: मॅरिकोपा, पिमा, पिनाल. कोकोनिनोने नंतर स्वतःहून ही पद्धत घेतली. प्रेस्कट यावापाय काउंटीत येतं, वस्ती कमी, म्हणून तिथे अजून उमेदवार उभे राहतात.

इथे मॅरिकोपात जागा रिकामी झाली की वकील अर्ज करतात. एक समिती छाननी करून किमान तीन नावं गव्हर्नरला देते, त्यातूनच एक निवडायचं. या समितीत वकिलांपेक्षा साधे नागरिक जास्त असतात, हे मला आवडतं. मग दोन वर्षं काम झाल्यावर येणाऱ्या निवडणुकीत ते नाव आपल्यापुढे येतं आणि नंतर, काउंटीच्या सुपीरियर कोर्टातला जज असेल तर, दर चार वर्षांनी. सत्तरीला सक्तीची निवृत्ती.

"नाही" जास्त पडले तर जज घरी जातो, पण त्याच्या जागी तुम्ही कुणाला निवडून देत नाही. पुन्हा समिती, पुन्हा गव्हर्नर.

वाळवंटी_वाट

घरी राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडून, म्हणजे निवडणुका बघणाऱ्या कार्यालयाकडून, जाडजूड पुस्तिका आली असेल. रद्दीत टाकली नसेल तर शोधा! मतदारांपुढे ठेवलेल्या प्रस्तावांचं वाचून दमल्यावर मागची पानं उघडा, तिथे प्रत्येक जजचं प्रगतिपुस्तक आहे. त्यांच्यापुढे आलेले वकील, पक्षकार, ज्युरर यांना फॉर्म देतात: कायद्याचं ज्ञान, सचोटी, बोलणं समजतं का, कोर्टात वागणं कसं, काम वेळेत उरकतं का. त्यावरून जजचं काम तपासणारा आयोग मत देतो की हा जज निकषांत बसतो की नाही. किती सदस्यांनी कसं मत दिलं तेही छापतात. बहुतेकांना जवळजवळ एकमताने पास केलेलं असतं, त्यामुळे ज्यांच्याविरुद्ध बऱ्याच सदस्यांनी मत दिलंय तेवढीच नावं नीट वाचायची. अर्ध्या तासाचं काम.

तिरका_चष्मा

मी दर वेळी सगळ्यांना "नाही" मारतो. कुणीही कायम खुर्चीत नको.

जुनं_खोड

@तिरका_चष्मा, पन्नास वर्षांत मोजकेच जज असे घरी गेलेत. तुमच्या सरसकट "नाही"ने वाईट जज जात नाही, सगळ्यांचे टक्के सारखेच घसरतात. खऱ्या नापासाला वेगळं काढा ना.

वाळवंटी_वाट

आणि प्रस्ताव १३७ विसरू नका. तो मंजूर झाला तर ठरावीक वर्षांनी होणारं हे मतदान बहुतेक जजसाठी बंदच होईल. जज नीट वागतोय तोवर खुर्चीत. वर तो पूर्वलक्षी आहे, म्हणजे याच पत्रिकेवर केलेलं होय-नाही फुकट जाईल. १८६४ चा गर्भपातबंदीचा कायदा एप्रिलमध्ये उचलून धरणाऱ्या राज्याच्या सुप्रीम कोर्टातले दोन न्यायमूर्ती, बोलिक आणि किंग, यंदाच मतदाराला सामोरे जाताहेत. वेळ कशी साधली बघा.

जुनं_खोड

एक राहिलं. सुपीरियर कोर्टावर एवढं डोकं लावताय, तर "जस्टिस ऑफ द पीस"ची ओळ सोडू नका. तिथे पक्षाचे उमेदवार उभे असतात, मुदत चार वर्षं, आणि वकील असण्याची अट नाही! भाडेकरूला घराबाहेर काढण्याचे दावे, वाहतुकीचे गुन्हे, दहा हजार डॉलरपर्यंतची भांडणं त्यांच्यापुढे चालतात. तुमचा-आमचा कोर्टाशी संबंध आला तर बहुधा इथेच येईल. त्यांच्या जोडीचा कॉन्स्टेबलही निवडून येतो. समन्स बजावणं, घराचा ताबा घेऊन देणं हे त्याचं काम.

बेलिफकन्या | नोव्हेंबर २०२४

सगळ्यांचे आभार. पुस्तिका रद्दीच्या खोक्यातच सापडली. दोन संध्याकाळी गेल्या, अर्ध्या तासात काही झालं नाही. निकाल बघितलाच असेल: १३७ विरोधात साधारण ७८ टक्के मतं पडून आपटला, आणि बोलिक-किंग दोघेही राहिले. म्हणजे लोकांना जज बदलायचे नव्हते, पण बदलायचा हक्कही सोडायचा नव्हता.

कॉन्स्टेबलचं ऐकून मी थेट बाबांना फोन लावला. तुमचं काम इथे निवडून येऊन करतात, म्हटलं. बराच वेळ हसले. मग म्हणाले, "अगं, जप्तीचं वॉरंट घेऊन ज्यांच्या दारात गेलो, त्यांनी पाणीसुद्धा विचारलं नाही. मत कुठून देणार?"