बर्लिनमध्ये पहिल्यांदा नाटकाला जायचंय, जर्मन जेमतेम येतं, जाऊ का?

सांगलीची_पोर:
नमस्कार मंडळी, मी बर्लिनला मास्टर्स करतेय. घरी सगळ्यांना नाटकाचं वेड, भावे नाट्यमंदिरात लागलेलं नाटक सहसा चुकायचं नाही आमचं. इथे बर्लिनर आन्सांबलला थ्रीपेनी ऑपेरा लागलंय, जर्मन नाटककार ब्रेख्तचं, ज्यावरून पुलंनी तीन पैशाचा तमाशा केलं ते, आणि तेही ज्या थिएटरात ते १९२८ ला पहिल्यांदा झालं त्याच थिएटरात! पण माझं जर्मन ए-टू लेव्हलचं, दुकानात भागतं एवढंच. काही कळेल का? तिकीट स्टुडंटला परवडतं का, आणि कपडे कसे घालून जातात?

स्प्रे_काठचा:
बिनधास्त जा. स्टुडंट आयडी दाखवलं की तिकीट बरंच स्वस्त मिळतं, आणि प्रयोगाच्या आधी साधारण तासभर आबेंडकासे म्हणजे तिथली खिडकी उघडते, तिथे उरलेली तिकिटं मिळू शकतात. कपड्यांचं टेन्शन घेऊ नकोस, जीन्स चालते. कोट आणि सॅक मात्र गार्डेरोबेत जमा करावी लागते म्हणून जरा लवकर पोच. रांगेतून आत जाताना बसलेल्यांकडे तोंड करून सरकायचं, पाठ करून नाही, इथे ते बघतात लोक. उशीर झाला तर दार बंद, मग मध्येच सोडतील याची गॅरंटी नाही. आणि हो, आत गेलीस की प्रशियाचा (जुन्या जर्मन राज्याचा) गरुड शोध, प्रेक्षागृहाच्या सजावटीत आहे, ब्रेख्तने त्यावर लाल फुली मारायला लावली होती ती अजून तशीच ठेवलीय.

तिसरी_घंटा:
मी म्हणेन पहिलं नाटक शाउब्यूने थिएटरला बघ, कुडाम रस्त्यावर आहे, तिथे ठरावीक प्रयोगांना इंग्लिश सरटायटल्स (स्टेजच्या वर दिसणारं संवादांचं भाषांतर) असतात. आन्सांबललाही काही प्रयोगांना असतात, तारीख बघूनच तिकीट काढ. आणि पहिल्या रांगेचा हट्ट नको, मान वर करून वाचता वाचता नट दिसतच नाहीत.

ठाण्याची_नाट्यवेडी:
मला हे सरटायटल्सचं नाही पटत. गोष्ट आधी वाचून जा आणि माणसांकडे बघ. तुला तर गोष्ट माहितीच आहे ना, पुलंचं पुस्तक घरून पीडीएफ करून मागव. जब्बार पटेलांनी थिएटर अकादमीतर्फे १९७८ ला केलं ते, गाणी ऐक, नंदू भेंडे आहेत त्यात. मूळ गोष्ट तर त्याहून जुनी, जॉन गेच्या १७२८ च्या इंग्लिश नाटकावरून ब्रेख्तने घेतली, म्हणजे भाषा बदलत बदलतच ते इथवर आलंय. आणि आपली माणसं ब्रेख्त घेऊन जर्मनीत गेलेली आहेत गं, विजयाबाई मेहतांनी जर्मन दिग्दर्शक फ्रिट्झ बेनेविट्झबरोबर ब्रेख्तच्याच नाटकावरचं अजब न्याय वर्तुळाचा बसवलं, खानोलकरांचं मराठी, ते तिकडच्या जर्मन प्रेक्षकांनी मराठीतच बघितलं. त्यांना कळलं तर तुला का नाही कळणार?

सांगलीची_पोर:
जाऊन आले!! बॅरी कॉस्कीने २०२१ ला बसवलेला प्रयोग. संवाद निम्मेच कळले, पण नाटकातला पीचम मुलीवर ओरडतो तिथे पुढे काय होणार ते मला माहीत होतं त्यामुळे त्याच्या चेहऱ्याकडे नीट बघता आलं, शेजारचे हसायच्या आधी मी हसले. सेट म्हणजे लोखंडी सांगाडा, त्यावर चढत, लोंबकळत गातात सगळे आणि आवाज जराही हलत नाही. गरुड पण सापडला, फुली चांगली ठसठशीत आहे. संपल्यावर टाळ्या थांबेचनात, नट पुन्हा पुन्हा बाहेर येत होते, माझे हात लाल झाले. ताई तुमचं बरोबर होतं, वाचून गेल्याचाच उपयोग झाला. आता शाउब्यूनेला पण जायचंय, पण तिथलं नाटक माहितीचं नसणार म्हणून तेवढं सरटायटल्सवालं बघेन. बर्लिनमधलं कोणी येणार असेल तर सांगा, तिकिटं एकत्र काढू.