'हंगाम नव्हता तर शाप का?' अंजिराच्या झाडावरून

नगरचा_वाचक: परवा इथे 'प्रश्नकर्ती'ने लिहिलं, हंगाम नसताना अंजीर मिळालं नाही म्हणून येशूने शाप देऊन झाड वाळवलं, हा कसला देवाचा पुत्र? दोन दिवस डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितोय. बायबलातल्या मार्कच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय सलग वाचा. आधी शाप, मग मंदिरात सराफांचे चौरंग उलथले, मग सकाळी झाड मुळापासून वाळलेलं. मंदिराची गोष्ट मार्कने झाडाच्या मधोमध मुद्दाम ठेवलीय. जुन्या करारातल्या संदेष्ट्यांकडे, होशेय अध्याय ९ बघा, यिर्मया अध्याय २४ मधल्या अंजिरांच्या दोन टोपल्या बघा, अंजीर म्हणजे तिथे इस्राएलची माणसं. पानं भरगच्च, फळ शून्य, तीच मंदिराची गत!

प्रश्नकर्ती: 'अंजिरांचा हंगाम नव्हता' हे मार्कच लिहितो, मी नाही. झाडाचा काय गुन्हा?

सासवडची_बाग: ताई, आमची अंजिराची बाग आहे. पान फुटलं की देठापाशी हिरवी गुंडी दिसतेच. ही गोष्ट वल्हांडण या यहुदी सणाच्या सुमाराची, तो तिकडे मार्च-एप्रिलात, तेव्हा जुन्या फांदीवर कच्ची फळं पानांच्या आगेमागे येतात, पिकतात जूनच्या सुमारास. नुसती पानं आणि एकही गुंडी नाही म्हणजे त्या साली झाड वांझच.

प्रश्नकर्ती: तो शब्द इथे नको. याच उताऱ्यावर आमच्या चर्चमध्ये एका पाळकांनी मूल नसलेल्या बायकांचं उदाहरण दिलं. माझी मावशी तिसऱ्या बाकावर होती, भजनाचं पुस्तक बाकावर ठेवलं आणि निघून गेली, अकरा वर्षं झाली, परत आली नाही. आता सांगा मला प्रतीकं.

उंबरवाला: विषय निघालाच आहे तर, येशूला बघायला जक्कय ज्या झाडावर चढला ते मराठी बायबलात उंबर आहे, आणि बरोबर आहे, तिकडच्या झाडालाही आपल्या उंबरासारखी खोडाला फळं लगडतात.

नगरचा_वाचक: अहो उंबर राहू द्या! ताई, त्या पाळकांनी पाप केलं. तो शाप मंदिराच्या अधिकाऱ्यांना होता, घरच्या बायकांना नाही. पण एका माणसाच्या चुकीसाठी मार्कला का झोडपता?

प्रश्नकर्ती: एक माणूस? नंतर चहाला सगळे म्हणाले, प्रवचन छान झालं.

सासवडची_बाग: शब्द चुकला ताई, माफ करा. आमच्याकडे तीन वर्षं न धरलेलं झाड होतं, वडील कुऱ्हाड घेऊन निघाले तर आईने आळं खणून शेणखत घातलं. लूकच्या शुभवर्तमानात, अध्याय १३ मधल्या दाखल्यातला माळीही फळ न देणाऱ्या अंजिराबद्दल हेच म्हणतो, एवढं वर्ष राहू द्या.

प्रश्नकर्ती: ते लूकचं मावशीला वाचून दाखवेन. मार्कचं पटलं असं समजू नका.