मुलांच्या हातात वाद्य देताना : तुमचे अनुभव लिहा

गणपतीत झांजा-ढोलकी माळ्यावरून खाली येतात, शिमग्याला ढोल-ताशे. बाकी वर्षभर मुलांच्या कानावर पडतं ते एवढंच : "हात लावू नको, फाटेल." आमच्या वाडीत मे महिन्यात चाकरमानी आले की देवळाच्या सभामंडपात वाद्यं मांडतो आणि मुलांना खुशाल हाताळू देतो. शिकवणं नाही, स्पर्धा नाही, बक्षीस तर नाहीच. मी चटया टाकणं, रांग सांभाळणं असली कामं करते. तुमच्यापैकी अनेकांनी असं काम केलंय हे ठाऊक आहे. लिहा. चांगलंच लिहायला हवं असं नाही.

पखवाजवाला, कुडाळ

माझ्याकडे पखवाज असतो. तो बघायला येणाऱ्या पोरांना वाजवण्यापेक्षा कणकेतच जास्त रस. डाव्या तोंडाला ओली कणीक थापली नाही तर घुमारा येत नाही, ही आम्हा भजनवाल्यांची रोजची गोष्ट. पण डबलबारी, म्हणजे दोन बुवांचा भजनाचा सामना, लांबून बघणाऱ्या पोराला ती कुठून कळणार? एकाने विचारलंन, "बुवानू, हेची चपाती करतलास?" मी काही बोललो नाही. त्यालाच कणीक खरवडून काढायला लावली आणि म्हटलं, आता मार थाप. आवाज कोरडा, पत्र्यावर मारल्यासारखा. मग परत थोडी लावली, मार. आणखी थोडी, मार. तिसऱ्या वेळी त्याने मान तिरकी केली आणि स्वतःच म्हणाला, "आता पोटात वाजता." आमच्या गुरूंनी खर्ज समजावताना इतकं नेमकं सांगितलं नव्हतं.

कणीक मात्र घरून भरपूर न्या. अर्धी मुलांच्या बाहुल्या करण्यात जाते.

पेटी मास्तरीण, रत्नागिरी

पेटीपाशी सगळ्यात जास्त गर्दी आणि सगळ्यात जास्त धसमुसळेपणा. एका हाताने भाता, दुसऱ्या हाताने सूर हे लहान मुलांना एकदम जमत नाही. भाता ओढून ओढून पेटीच सरकते. मी हल्ली दोघांना समोरासमोर बसवते, एकाकडे भाता, एकाकडे पट्ट्या. भातेवाला दमला की सूर रडका होतो, मग पट्टीवाला ओरडतो, "अरे हवा दे ना!" वारा पितळी पत्तीवरून जातो तेव्हा सूर लागतो, हे त्या भांडणातून कळतं.

समुद्राची दमट हवा पेटीला मानवत नाही. लाकूड फुगतं, पट्टी दाबली की तशीच खाली राहते आणि सूर चालूच. मुलांना त्याची कोण मजा! माझा जीव मात्र वरखाली.

एकदा मुलांना पेटी ऐकवायला आलेल्या आजोबांनी गळ्यातून सावकाश मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं) घेऊन दाखवली आणि "ही पेटीवर काढा बघू" म्हणाले. नाही निघाली, दोन पट्ट्यांच्या मधे काही नसतंच. मग त्यांनी सांगितलं, या आणि अशा कारणांनी १९४० ते १९७१ पेटीला आकाशवाणीवर बंदी होती. एक मुलगी लगेच, "मग आरतीला कशी चालते?" आजोबा हसले नुसते.

दोन पोरांची आई, चिपळूण

तक्रार पालकांबद्दल. मूल ढोलकीवर नुकतं कुठे रमतंय, तोवर मोबाईल पुढे येतो, "इकडे बघ, हास." मग पुढचा प्रश्न ठरलेला : दहावीला कलेचे वाढीव गुण मिळतात त्यात हे धरतात का? अहो, पोरगं सहा वर्षांचं आहे. पालकांसाठी चहा मंडपाबाहेर ठेवायला सुरुवात केली तेव्हापासून बरंच सुसह्य झालं.

आणि "मुलींना टाळ द्या, पखवाज मुलगे घेतील" असं जाता जाता म्हणणारा एक तरी काका असतोच. मी अशा वेळी सगळ्यात धीट मुलीला पखवाजावर बसवते.

खाडीपलीकडचा, वेंगुर्ले

आमच्याकडे गोव्याची हद्द जवळ, त्यामुळे घुमट आणतो. मातीचा घडा, एक तोंड कातड्याने मढवलेलं, दुसरं उघडं. पूर्वी घोरपडीचं कातडं लागायचं. १९७२च्या वन्यजीव कायद्याखाली घोरपडीला संरक्षण आहे, म्हणून आता बकरीचं वापरतात. २०१९ साली गोव्याने घुमटाला वारसा वाद्य ठरवलं ते या बदलानंतरच. मुलांना यातलं फक्त "घोरपड" ऐकू येतं. उघड्या तोंडावर तळहात ठेवला-काढला की आवाज बदलतो, तो खेळ मात्र तासभर चालतो. फुटू नये म्हणून खाली जाड गोधडी अंथरा.

सनईच्या टेबलावरची, गुहागर

सनई एकाच्या तोंडातून दुसऱ्याच्या तोंडात देणं मला मान्य नाही. मी पेशाने नर्स, सर्दी-खोकल्याचं गणित मला कळतं. पण नुसती दाखवायची म्हटलं तर पोरं हिरमुसतात. शेवटी वाडीतल्या एका आजींनी मार्ग काढला : माडाच्या पातीची पिपाणी. पात हिरावरून (मधल्या काडीवरून) काढून तिरकी गुंडाळत न्यायची, निमुळत्या टोकात पातीचेच दोन तुकडे चपटे करून बसवायचे, सुटू नये म्हणून हिराची काडी टोचायची. ओठ किती दाबले की वाजते आणि किती दाबले की मुकी होते, हे प्रत्येकाला आपापल्या पिपाणीवर कळतं. मग सनईवाले आपली पत्ती दाखवतात आणि मुलं म्हणतात, ही तर आमचीच! आजी त्या दिवशी घरी जेवायला गेल्याच नाहीत.

एक सूचना : पिपाण्यांचं टेबल तंबोऱ्यापासून लांब ठेवा. आमच्याकडे मिरजेचा तंबोरा येतो. (मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.) गोंगाट सहन न होणारी मुलं तिथे भोपळ्याला कान लावून बसतात, त्यांना बसू द्या.

स्पष्टच बोलतो, देवगड

सगळं छान, पण एक दिवस वाजवून पुढे काय? आमच्याकडे एका मुलाला तबला आवडला, तर शिकवणारा गाठायला एसटीने तालुक्याला जावं लागतं आणि परतीची गाडी सातला सुटते. हौस लावायची आणि सोडून द्यायची, हे मला बरं वाटत नाही.

पखवाजवाला, कुडाळ

देवगडकर, बरोबर आहे तुमचं. आम्ही हल्ली भजनी मंडळाच्या तालमीचा वार आणि जागा कागदावर लिहून मुलांच्या हातात देतो. सगळे येत नाहीत. जे येतात त्यांना आधी टाळ धरायला बसवतो, ठेका अंगात मुरला की डग्गा. अडचण वाद्यांची आहे : मोठा पखवाज लहान हातांना पुरत नाही. कुणाकडे लहान आकाराची ढोलकी नाहीतर डग्ग्या-तबल्याची जोडी पडून असेल तर इथेच सांगा. पुडी (वरचं कातडं) फाटकी असली तरी चालेल, आम्ही बदलून घेऊ.