‘काय?’ विचारल्यावर मिळणारं प्रत्येक उत्तर कर्म नसतं

इंग्रजी वाक्यातलं कर्म (ऑब्जेक्ट) ओळखायला शिकवताना ‘क्रियापदाला ‘काय?’ विचारा, उत्तर आलं की तेच कर्म’ ही युक्ती मुलांना जरूर सांगा. पण तिथेच थांबू नका. ‘शी बिकेम अ डॉक्टर’मध्ये काय झाली? डॉक्टर. तरीही ते कर्म नाही, पूरक (कॉम्प्लिमेंट) आहे, म्हणजे कर्त्याचीच माहिती देणारा शब्द. ती आणि डॉक्टर एकच व्यक्ती. बिकेम दोघांना फक्त जोडतं.

म्हणून आधी क्रियापदच तपासायला लावा. ‘द कुक टेस्टेड द सूप’मध्ये आचारी चव घेतोय, सूप कर्म. ‘द सूप टेस्ट्स सॉल्टी’मध्ये सूप काहीच करत नाही. क्रियापद तेच, काम वेगळं! त्यामुळे क्रियादर्शक क्रियापदांची यादी पाठ करून घेणं मला अजिबात पटत नाही. शंका आलीच तर वाक्य कर्मणी (पॅसिव्ह) करून बघावं: ‘द सूप वॉज टेस्टेड’ जमतं, ‘अ डॉक्टर वॉज बिकम’ नाही. (हॅवसारखे अपवाद आहेत. ‘आय हॅव अ सायकल’मध्ये सायकल कर्मच, पण कर्मणी होत नाही.)

मराठी मुलांची गल्लत ‘ग्रँडमा गेव्ह हर अ पेन’मध्ये होऊ शकते. ‘मी मांजराला पकडलं’ यात ‘ला’ प्रत्यक्ष कर्माला (डायरेक्ट ऑब्जेक्टला) लागतो, म्हणून हर म्हणजे ‘तिला’ हेही प्रत्यक्ष कर्म वाटतं. दिलं काय? पेन. ते प्रत्यक्ष कर्म; जिला दिलं ती, म्हणजे हर, अप्रत्यक्ष.

आणि ‘द बर्ड्स फ्लू अवे’सारखी वाक्यंही मुद्दाम द्या. क्रिया आहे, कर्म नाही. नाहीतर मुलं प्रत्येक वाक्यात कर्म शोधत बसतात.