चर्चागटासाठी 'गजाली' हे नाव मला मान्य नाही

श्रीवर्धनकर
आपल्या चर्चागटाचे नाव 'गजाली', म्हणजे मालवणी बोलीत गप्पागोष्टी, असे ठेवावे, कारण कोकणाची ओळख साऱ्या महाराष्ट्राला मालवणीमुळेच झाली आहे, असे मालवणकरांनी काल लिहिले. ते वाचून आलेला राग अजून उतरलेला नाही, म्हणून सविस्तर लिहितो. या गटात रायगडातले आगरी आहेत, संगमेश्वराकडचे कुणबी आहेत, दापोलीचे बागायतदार आहेत आणि मालवणचे गाबीतही आहेत. त्यांतल्या कित्येकांच्या घरात 'गजाल' हा शब्द कधी कोणी उच्चारलेला नाही.

नावाने काय बिघडते, असे विचारणाऱ्यांना घरातलीच गोष्ट सांगतो. माझ्या वडिलांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'जिल्हा कुलाबा' असे लिहिलेले होते. मुंबईत नोकरीच्या अर्जासाठी ते रांगेत उभे राहिले, तेव्हा खिडकीवरच्या कारकुनाने त्यांना मुंबईतल्या कुलाब्याचे रहिवासी समजून तिथला पुरावा मागितला. ते गावी परतले आणि तलाठ्याचा दाखला घेऊन पुन्हा गेले, पण तोवर मुदत संपली होती. १९८१ मध्ये जिल्ह्याचे नाव रायगड झाले, त्या दिवशी त्यांनी दाखल्यावरच्या 'कुलाबा' या शब्दाखाली पेन्सिलीने 'रायगड' असे लिहिले. तो दाखला माझ्या कपाटात आहे. नाव एकाचे आणि ओळख दुसऱ्याची, असे झाले की त्याची किंमत कोणाला तरी मोजावी लागते.

मालवणकर
आपल्या वडिलांचे नुकसान झाले याचे मला वाईट वाटते, पण १९८१ चेच उदाहरण माझ्या बाजूने बोलते. त्याच वर्षी १ मे रोजी रत्नागिरी जिल्हा विभागला गेला आणि आमच्या भागाला मालवणच्या समुद्रातल्या किल्ल्याचे नाव मिळाले. मालवणपासून दूर डोंगरात राहणारा दोडामार्गचा माणूसही आज स्वतःला सिंधुदुर्गातला म्हणवतो. एका ठिकाणचे नाव सगळ्यांचे होऊ शकते, त्याला मनाचा मोठेपणा लागतो. 'गजाल' म्हणजे नुसती टवाळकी नव्हे. रापणीचे फाटलेले जाळे शिवताना माझे आजोबा जी हकिगत सांगत, ती गजाल. मासा कुठे कमी झाला, कोणत्या वर्षी कोणते वारे उशिरा फिरले, हे सगळे मी त्या गजालींतूनच शिकलो.

खेडची शिक्षिका
मोठेपणा नेहमी दुसऱ्यानेच दाखवायचा का? मी 'अपरान्त' हे कोकणाचे प्राचीन नाव सुचवते. अशोकाच्या पाचव्या शिलालेखात या प्रदेशाच्या लोकांचा उल्लेख आहे आणि सोपाऱ्याला १८८२ मध्ये त्याच्या आठव्या लेखाचा तुकडाही सापडला. हे नाव कोणत्याही एका तालुक्याचे नाही. पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ मध्ये आपल्या वृत्तपत्राला 'दर्पण' असे नाव दिले. त्यांनी घरच्या बोलीतला शब्द घेतला नाही, सर्वांना कळेल असा घेतला.

वेंगुर्लेकर
'दर्पण' सर्वांना कळतो, 'अपरान्त' कळत नाही. बाईंनी आपल्याच उदाहरणाने आपला मुद्दा खोडला आहे. माझ्या मते 'मांड' हेच नाव योग्य आहे. गाव जिथे जमते आणि जिथे गावाचा निर्णय होतो, ती जागा म्हणजे मांड.

लांजेकर
'मांड' या नावाला माझा तीव्र विरोध आहे. मांडावर गाव जमते खरे, पण कोणी कुठे उभे राहायचे हे तिथे आधीच ठरलेले असते. लहानपणी शिमग्याला मी वडिलांचे बोट धरून गेलो होतो. पालखी नाचत होती आणि आम्ही फणसाच्या झाडापलीकडे उभे होतो. पुढे का जायचे नाही, असे मी विचारले, तेव्हा वडिलांनी उत्तर न देता माझा हात घट्ट धरला. ज्या शब्दाबरोबर मला तो हात आठवतो, त्या नावाखाली मी चर्चेला बसणार नाही.

वेंगुर्लेकर
आमच्या गावात असे काही नव्हते. एका गावावरून साऱ्या परंपरेला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे अन्यायाचे आहे.

लांजेकर
असे नव्हते, की आपण मानकऱ्यांच्या घरातले असल्यामुळे आपल्याला ते दिसले नाही? आपल्या गावात नारळ कोणत्या क्रमाने दिले जात, तेवढे आठवून सांगावे.

वेंगुर्लेकर
क्रम ठरलेला होता, हे मला कबूल करावे लागेल. 'मांड' हे नाव मी मागे घेतो, मात्र मांडाविषयीची माझी श्रद्धा मागे घेत नाही.

गुहागरची लेक
तुमचा वाद मानपानात अडकला आहे, म्हणून मी 'साकव', म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल, हे नाव पुढे ठेवते. आमच्या दोन वाड्यांमधल्या पऱ्यावर दर वर्षी पावसाळ्याआधी पोफळीची खोडे आडवी टाकून वेलीने आणि काथ्याने बांधत असत. एका वाडीने खोडे द्यायची आणि दुसरीने माणसे, असा रिवाज होता. मोठ्या पुरात साकव वाहून जाई आणि उघडीप मिळताच पुन्हा बांधला जाई. शाळेत जाताना पायाखाली ओले, बुळबुळीत खोड असे आणि पलीकडून कोणी ना कोणी हात पुढे करी. त्या वेळी त्याची वाडी कोणती, हे आम्ही पाहिले नाही. रायगडापासून सिंधुदुर्गापर्यंत हा शब्द चालतो आणि सरकारी कागदांवरही 'साकव' असेच लिहितात.

लांजेकर
या शब्दाला माझी हरकत नाही.

खेडची शिक्षिका
'अपरान्त' मागे पडल्याचे मला दुःख आहे. तरीही माझ्या विद्यार्थ्यांना 'साकव' समजावून सांगावा लागणार नाही, हे खरे आहे.

मालवणकर
साकव आमच्याकडेही साकवच आहे, त्यामुळे हा शब्द परका आहे असे मला म्हणता येत नाही. मी होकार देतो, पण आनंदाने नव्हे. गटात जुन्या आठवणींचे वेगळे सदर सुरू झाले, तर त्याचे नाव 'गजाली' असावे, एवढी माझी अट आहे.

श्रीवर्धनकर
सदराला ते नाव द्यावे, माझी ना नाही. पण त्यात पहिली आठवण माझ्या वडिलांच्या दाखल्याची येईल आणि ती मी आमच्या बोलीत लिहीन.